चालू करू का?

भोंग्यावर माझा राग होता आणि तो साधासुधा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाईने मनातलं लपवलं.

भोंगा म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या मशीनरूमचा फोरमन. हे नाव त्याला मी नाही ठेवलं, मी नोकरीला लागले तेव्हाच ते होतं. माणूस तळघरात खोकला तर वरच्या वॉर्डातले पेशंट दचकायचे, असा आवाज. आणि त्या आवाजाच्या जोरावरच त्याने माझ्या धाकट्या भावाला बुडवलं.

झालं असं. आमच्याकडे प्रत्येक वॉर्डाला गार हवा पुरवणारा एक मोठा पंखा असतो. त्याला आम्ही ब्लोअर म्हणतो. पत्र्याच्या खोलीएवढ्या पेटीत तो बसवलेला. पट्टा बदलायचा, धूळ काढायची, म्हणजे पेटीच्या छोट्या दारातून पोटावर सरपटत माणसाने आत जायचं. स्विच मात्र बाहेर, भिंतीच्या वळणापलीकडे. तिथे भोंगा उभा. काम झालंसं वाटलं की तो हाक मारणार, "चालू करू का?" आतून आवाज येणार, "करा." मग खटका खाली. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मलाही नाही. मी तिथल्या सफाईवाल्यांची मुख्य, माझी माणसंही त्याच हाकेवर आतबाहेर करायची.

धाकटा मशीनरूममध्येच कामाला, अंगाने काडी. म्हणून आत शिरायची पाळी नेहमी त्याचीच. भोंगा स्वतः जन्मात कधी आत गेला नाही, त्याचं पोटच त्याला जाऊ द्यायचं नाही. एक दिवस धाकट्याचा हात पट्ट्यावर असताना ब्लोअर सुरू झाला. उजव्या हाताची बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला.

चौकशी झाली. भोंग्याने सांगितलं, मी हाक मारली आणि आतून स्वच्छ "करा" आलं, म्हणून चालू केला. आता भोंग्याने हाक मारली यावर कोण शंका घेणार? ती तर सगळ्या तळघराने ऐकली होती. उत्तराचं काय, ते विचारायला दुसरं कुणी तिथे नव्हतं. धाकट्याला विचारलं तेव्हा तो नुकता शुद्धीवर आलेला. म्हणाला, आठवत नाही. झालं, चूक त्याची स्वतःचीच ठरली आणि नोकरीही गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

भोंगा त्याला भेटायला आला तेव्हा टोपलीभर फळं घेऊन आला. सफरचंदं, मोसंबी, द्राक्षं, खाली आणखी काहीतरी. उशाशी बसून ढसाढसा रडला. मला तिथेच कळलं. निर्दोष माणूस एवढी फळं आणत नाही.

पण खरं दुखणं बोटांचं नव्हतं. धाकटा अख्ख्या गल्लीची घड्याळं दुरुस्त करायचा, ते बंद पडलं, तेही त्याने सोसलं. नंतर काय झालं, तर सगळ्यांनी इतक्यांदा सांगितलं की त्यालाच ते खरं वाटायला लागलं. "म्हणालो असेन गं, ताई," तो म्हणायचा. "सवयीने गेलं असेल तोंडातून." आणि तेव्हापासून त्याचा स्वतःच्या जिभेवरचा विश्वासच उडाला. चहा घेणार का, असं विचारलं तरी तो थांबायचा. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. आपल्या तोंडून भलतंच काही जाईल, अशी भीती. भावजय मिक्सरकडे हात न्यायला लागली की हा उठून बाहेर जायचा. बायकोशी बोलताना माणसाला शब्द तोलावे लागतात हे मला माहीत आहे, पण "हो" आणि "नको" तोलणारा नवरा मी तरी दुसरा पाहिला नाही.

म्हणून मला भोंग्याची नोकरी घालवायची नव्हती. त्याचे हातपायही मोडायचे नव्हते. म्हणजे तसं मनात यायचं, पण ते सोडा. मला एकच हवं होतं. त्याने खरं बोलावं, आणि ते धाकट्याच्या कानावर पडावं.

अशात ते परदेशाचं निघालं. तिकडच्या एका हॉस्पिटलशी आमच्या मोठ्या साहेबांनी ठरवलं की आपली दोन माणसं काही आठवडे तिकडे जाऊन काम बघतील, त्यांचा एक माणूस इकडे येईल. सफाईकडून माझं नाव लागलं. मशीनरूमकडून भोंग्याचं. वर असंही कळलं की तो तिकडून शिकून आला की त्याला सेफ्टीचा साहेब करणार. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी घरी येऊन सांगितलं, मी जाणार नाही, त्या मेल्याबरोबर तर मुळीच नाही.

धाकटा नेहमीसारखा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "जा. तिकडे कसं करतात ते बघून ये."

गेले.

तिकडची मशीनरूम आमच्यापेक्षा काही फार निराळी नव्हती. तेच ब्लोअर, तोच पत्रा, तोच गुळचट तेलकट वास. फरशी मात्र अशी की मला माझ्या माणसांची लाज वाटली आणि मग त्या लाजेचाच राग आला. आमच्याकडे एका पोछ्यात तीन मजले काढायचे असतात, त्यांना काय कळणार. तिथली प्रमुख एक रुंद खांद्यांची, पांढऱ्या केसांची बाई होती. कमरेच्या पट्ट्याला लाल कुलपांचा घोस. आम्ही आपसात तिला कुलूपवाली म्हणायला लागलो.

पहिल्याच दिवशी तिने आम्हा दोघांचे फोटो काढले आणि प्रत्येकाला एकेक लाल कुलूप दिलं. कुलपावर ज्याचा त्याचा फोटो, किल्ली एकच. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि बरंचसं हातवाऱ्यांनी तिने तिथली रीत सांगितली. मशीनमध्ये शिरायचं असेल तर आधी स्विच बंद करायचा, त्याच्या कडीत आपलं कुलूप घालायचं, किल्ली आपल्या खिशात, आणि मगच आत जायचं. पाच माणसं गेली तर पाच कुलुपं. दुसऱ्याचं कुलूप कुणी काढायचं नाही, मोठ्यातल्या मोठ्या साहेबानेही नाही. एक जरी कुलूप लटकत असलं तरी खटका हलतच नाही. हाक नाही, उत्तर नाही, काही नाही.

मी ते कुलूप हातात घेतलं आणि जिन्यात जाऊन बसले. मुठीत मावेल एवढं ते. एवढंसं काहीतरी आमच्या भिंतीवर असतं तर माझा भाऊ आज घड्याळं दुरुस्त करत असता. मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले. कुलूपवाली पाणी घेऊन आली. मी तिला उजव्या हाताची चार बोटं दुमडून दाखवली. तिला कळलं. ती माझ्याशेजारी पायरीवर बसून राहिली.

भोंग्याला मात्र त्या कुलपाचं हसू येत होतं. पोराटोरांचे खेळ म्हणाला. प्रवासात त्याच्या बॅगेचं कुलूप तुटलं होतं, तर त्याने हे लाल कुलूप सरळ बॅगेला लावून टाकलं. आम्हाला राहायला दिलेल्या घरात त्याची खोली माझ्या खोलीसमोर. दार उघडं असलं की बॅगेवर लटकणारा त्याचाच दात काढलेला फोटो दिसायचा. कामावर रोज कुलूपवालीने विचारलं की हा खिसा थोपटायचा आणि मान हलवायचा. आत शिरायचं काम तो नाहीतरी टाळायचाच, त्यामुळे ते खपून गेलं. मी बघत होते. बोलले कुणालाच नाही. डूख धरणं म्हणजे काय, ते मला तिथे नीट समजलं.

तरी एकदा मी सरळ विचारून पाहिलं, नाही असं नाही. त्या घराच्या स्वयंपाकघरात तो टेबलापाशी उकडलेलं अंडं सोलत बसला होता. मी म्हटलं, साहेबांना सांगू नकोस, कागदावर देऊ नकोस, फक्त धाकट्याला एक फोन कर आणि खरं काय ते सांग. मी त्याच्यापुढे हातसुद्धा जोडले. ते आठवलं की अजून माझे हात जळतात. त्याने अंड्याला मीठ लावलं, म्हणाला, कशाला शिळ्या कढीला ऊत आणतेस. आणि मग माझ्याकडे न बघता बोलला, "त्याने 'करा' म्हटलं. मी ऐकलं. या कानांनी."

त्या वेळी मी ठरवलं की हेच शब्द याला परत करायचे. कसे, ते अजून ठाऊक नव्हतं.

दर आठवड्याला एकदा व्हिडिओवरून घरच्यांशी बोलणं व्हायचं. म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या ट्रेनिंग हॉलमध्ये सगळे जमायचे, तिकडे आलेला त्यांचा पाहुणाही असायचा, आणि आम्ही मोठ्या पडद्यावर दिसायचो. शेवटच्या खेपेला कुलूपवालीने ठरवलं की ही कुलपाची रीत करूनच दाखवू. बाहेर मी कुलूप लावून दाखवणार, आणि भोंगा आत शिरून तिथून बोलणार. पडद्यावर झळकायचं म्हटल्यावर तो टाळेल कशाला. आरशात बघून भांग पाडून आला होता.

आदल्या दिवशी मी भावजयीला फोन केला. म्हटलं, काही कर, पण उद्या त्याला हॉलवर घेऊन ये. बोटं गेली तेव्हापासून धाकट्याने हॉस्पिटलचं फाटक ओलांडलं नव्हतं. ती म्हणाली, येणार नाहीत हो ते. मी म्हटलं, सांग, ताई पडद्यावर दिसणार आहे. तिने विचारलं, काय करताय ताई तुम्ही? मी म्हटलं, अजून काही नाही.

तर तो दिवस. कुलूपवालीने माझा फोन एका स्टँडवर असा लावला की स्विच, ब्लोअरचं दार आणि मी, तिन्ही दिसावं. फोन लागला. छोट्याशा चौकटीत आमचा हॉल दिसायला लागला, निळ्या कपड्यांमधली माझी माणसं, मशीनरूमची माणसं, पुढच्या रांगेत मोठे साहेब. भावजय दिसली. तिच्यामागे दारापाशी धाकटा उभा होता, हात खिशात. कुलूपवालीने स्विच बंद केला आणि तिच्या साहेबांना बोलवायला वर गेली. जाताना बजावून गेली, मी येईपर्यंत कुणी आत जायचं नाही.

ती वळली आणि भोंगा म्हणाला, तोवर जरा आत जागा बघून घेतो. मी विचारलं, "कुलूप?"

"राहू दे गं. दोन मिनिटांचं काम."

आणि शिरला. पोट दारात अडकलं, मग सुटलं, मग पाय आत गेले. आत पंख्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये जेमतेम जागा असते. तिथे असा माणूस गेला की त्याला वळता येत नाही, रांगत मागे मागेच यावं लागतं. हे त्याला ठाऊक नव्हतं. धाकट्याला ठाऊक होतं.

मी माझं कुलूप काढलं, स्विचच्या कडीत घातलं, किल्ली फिरवली, खिशात टाकली. दोनदा ओढून बघितलं. मग बाजूला सरले, म्हणजे हॉलमधल्या सगळ्यांना ते लाल कुलूप आणि त्यावरचा माझा फोटो नीट दिसेल. आतल्याला तेवढं दिसत नव्हतं.

मग मी हाक मारली. "चालू करू का?"

आतून हसण्याचा आवाज आला. म्हणाला, मस्करी पुरे.

"मला 'करा' ऐकू आलं," मी म्हटलं.

"मी काही बोललो नाही."

"मी ऐकलं. या कानांनी."

मी कुलूप धरून स्विचच्या पेटीवर खडखडवलं. आणि त्याच वेळी शेजारचा ब्लोअर सुरू झाला. तो आपोआप चालू-बंद होतो, त्यात माझा काही हात नव्हता, पण सगळा पत्रा थरथरला. आत भोंगा मागे सरकायला धडपडत होता, बूट पत्र्यावर आपटत होते. अडकला होता. त्याची बोबडी वळली होती, पण आवाज मात्र भोंग्याचाच. माझं कुलूप बॅगेला आहे, ओरडत होता, थांब, माझं कुलूप बॅगेला आहे.

मी दारापाशी वाकले. "धाकट्याने 'करा' म्हटलं होतं?"

आतून नुसत्या धापा.

"चालू करू का?"

"नव्हतं म्हटलं. काहीच नव्हतं म्हटलं त्याने. वरून फोनवर फोन येत होते, वॉर्ड तापलाय म्हणून. मी हाक मारली आणि लगेच खटका ओढला. उत्तर आलंच नव्हतं. आईशप्पथ, वाट नाही बघितली मी. आता काढ मला, पाया पडतो तुझ्या, काढ."

त्या आवाजाने माझ्या भावाला बुडवलं होतं. त्या दिवशी त्याच आवाजाने एकेक शब्द समुद्रापलीकडे पोचवला, फोनला कान लावायची गरज पडली नाही.

"ये बाहेर," मी म्हटलं. "कुलूप लावलंय माझं. केव्हाच."

तो पाय आधी असा बाहेर आला, भांग विस्कटलेला, शर्ट वर गेलेला. त्याने आधी कुलूप बघितलं, मग माझा फोटो, मग मला, आणि सगळ्यात शेवटी फोन. फोनमधले सगळे त्याच्याकडे बघत होते. तो तिथेच फरशीवर बसला. मला दया आली का? नाही आली. खोटं कशाला बोलू. उट्टं काढल्यावर माणसाला गार वाटतं म्हणतात, ते अगदी खरं आहे.

दारात कुलूपवाली उभी होती. तिला भाषा कळली नव्हती, पण माणूस कसा बाहेर आला आणि मी कुठे उभी होते, ते तिने पाहिलं होतं. तिने भोंग्याला विचारलं, तुझं कुलूप कुठे? त्याने मान खाली घातली. मग ती माझ्याकडे वळली. मी सगळं सांगितलं, जमेल तसं. तिने ऐकून घेतलं. मला माझं कुलूप उघडायला लावलं, ते किल्लीसकट घेतलं, त्यावरचा माझा फोटो सोलून काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, आत माणूस असताना स्विचवर हात ठेवून त्याला भीती घालायची, हे कुलूप त्यासाठी नाही. या इमारतीत तू पुन्हा कुठल्याही स्विचपाशी उभी राहायचं नाहीस. तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. तिचं बरोबर होतं. मी वाद घातला नाही आणि माफीही मागितली नाही. दोघांनाही ठरल्याआधी परत पाठवलं.

भोंग्याला सेफ्टीचं साहेबपद मिळालं नाही. पुन्हा चौकशी लागली, त्याला मशीनरूममधून काढून गोडाउनला बसवलं. पण त्याला खरी शिक्षा कँटीनमध्ये होते. चहावाला मिक्सरवर हात ठेवून रोज त्याला विचारतो, "काय भोंगा, चालू करू का?" आणि उत्तर येईपर्यंत थांबून राहतो. सगळी रांग थांबते. भोंग्याला "करा" म्हणावंच लागतं. मी मुद्दाम त्याच वेळी चहाला जाते. साहेबांनी मलाही बढतीतून वगळलं, परदेशात हॉस्पिटलची शोभा केली म्हणून. वगळू देत.

परत आले त्या दुपारी पिशव्या तशाच टाकून धाकट्याकडे गेले. तो खिडकीपाशी बसला होता. भावजय आत होती. मी त्याच्यासमोर बसले. ऐकलंस ना, एवढंच विचारलं.

तो नेहमीसारखा थांबला. ओठ हलले. मी वाट पाहिली; या घरात आम्हाला आता वाट पाहायची सवय आहे. त्याने खिशातून हात काढून मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत म्हणाला, "मी बोलणार होतो, ताई. त्याची हाक ऐकली मी. तोंड उघडलं होतं."

"काय बोलणार होतास?"

"थांबा," तो म्हणाला. "मी 'थांबा' म्हणणार होतो."

आतून भावजयीने विचारलं, चहा टाकू का.

"टाक," धाकटा लगेच म्हणाला.